नभोवाणी आणि आकाशवाणी: अर्थ एकच का?

प्रश्न: मुलीच्या वहीत 'रेडिओ'चा प्रतिशब्द 'आकाशवाणी' लिहून दिला आहे. माझे आजोबा 'नभोवाणी' म्हणायचे. दोन्ही एकच का? आणि 'नभवाणी' चालेल का?

उत्तर: 'नभवाणी' नको. नभस् + वाणी = नभोवाणी, जसं मनस् + रंजन = मनोरंजन.

वहीतला शब्द मात्र मी बदलून घेईन. नभोवाणी हे माध्यम, आकाशवाणी ही संस्था. मुळात आकाशवाणी हा शब्द रेडिओपेक्षा कितीतरी जुना. देवकीचा आठवा पुत्र तुझा काळ ठरेल, हे कंसाने ऐकलं ती आकाशवाणी. बोलणारा दिसत नाही, शब्द तेवढे कानी पडतात. १९३५ साली म्हैसूरला प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी घरातून चालवलेल्या केंद्राला हे नाव दिलं. ऑल इंडिया रेडिओने (हे नाव १९३६चं) ते १९५०च्या दशकात घेतलं. म्हणून खाजगी एफएमला आकाशवाणी म्हणणं चूक. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झालं, तेही 'आकाशवाणी' म्हणून नव्हे. लेखांत सर्रास तसं छापतात, ते खटकतं.

आणखी एक: याच घरातला 'श्रुतिका' (रेडिओवरचं नाटक) हा शब्द विसरू नका. 'नाटिके'च्या वळणाचा, पण कानासाठी घडवलेला. 'नभोनाट्य' आवाज कुठून येतो ते सांगतं, 'श्रुतिका' तो कुठे पोचतो ते. मला दुसरा जास्त जवळचा.

वापराबद्दल: रेडिओसाठी शेतीविषयक लेखन करताना दोन शब्द मला कायमचे सोडावे लागले: 'खालीलप्रमाणे' आणि 'अनुक्रमे'. ऐकणाऱ्याला 'खाली' काही नसतंच. आणि 'ज्वारी, बाजरी, तुरीचे भाव अनुक्रमे' म्हणून तीन आकडे सांगितले, तर तिसरा येईपर्यंत पहिला निसटतो. कागदासारखं मागे वळून पाहता येत नाही. ज्वारीला इतका, बाजरीला इतका, असं जोडीनेच सांगायचं. वाक्य लांबतं, लांबू द्यावं.

प्रश्नकर्ती: आभार, वहीत दुरुस्ती केली. आजोबा 'नभोवाणी' म्हणत, पण आजी कायम 'रेडिओ लाव' म्हणायची, आणि आवडतं गाणं आलं की 'गाणं लागलं!' दिवा लावतो, दिवा लागतो, त्यातलंच हे क्रियापद असावं का?