फ्रेंच भिंतदिव्यांवरचा मुलामा पाऱ्याचा की विजेचा?

प्रश्न:
पॅरिसमध्ये राहत असताना मी अठराव्या शतकातील फ्रेंच राजा पंधरावा लुई याच्या शैलीतील, प्रत्येकी दोन मेणबत्त्यांच्या भिंतदिव्यांची जोडी घेतली. कांस्याच्या फांद्या वळणदार पानांच्या असून एक दिवा दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब वाटतो. त्यांवरचा सोन्याचा मुलामा विजेने नव्हे, तर पाऱ्याच्या पद्धतीने चढवल्याचे विक्रेत्याने सांगितले होते. तो न खरवडता कसा ओळखावा, आणि खोबणींतील काळा मळ पितळेच्या पॉलिशने काढावा का?

उत्तर 1:
कृपया पॉलिश मुळीच लावू नका. सोन्याचा थर पातळ असतो आणि घासून गेलेले सोने परत येत नाही. ओळखण्यासाठी आधी दिव्याची पाठ पाहावी. जुने कारागीर सोने व पारा यांचे लोण्यासारखे मिश्रण दर्शनी भागालाच लावून ते तापवत, पारा उडून जाई आणि सोने धातूला घट्ट धरून राही. त्यामुळे पाठीवर बहुधा उघडा धातू आणि कडेवरून ओघळलेल्या सोन्याचे डाग आढळतात. वीज सोडलेल्या द्रावणात बुडवून मुलामा दिलेल्या वस्तूला मात्र बहुधा पाठपोट सारखाच रंग येतो. पुढे पानांच्या कडा अकीक या कठीण दगडाच्या घोटणीने चकचकीत केलेल्या आणि खोलगट भाग मंद, मखमली ठेवलेले दिसले, तर ती कारागिराच्या हाताची मोठी खूण आहे. हा मंद मुलामा फ्रेंच कांस्यकार प्येर गुतिएर (1732–1813) याने अतुलनीय कौशल्याने साधला.

उत्तर 2:
वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु पाऱ्याचा मुलामा म्हणजे अठरावे शतक असे समजू नये. पंधराव्या लुईच्या शैलीच्या प्रतिकृती एकोणिसाव्या शतकात भरपूर झाल्या आणि 1840 नंतर विजेचा मुलामा पसरू लागला, तरी पाऱ्याचे काम लगेच थांबले नाही. मुकुटाखाली 'सी' अक्षराचा छाप 1745 ते 1749 या काळात फ्रान्समध्ये तांबे असलेल्या धातूंवरील करासाठी मारला जाई. तो नसल्याने काहीच सिद्ध होत नाही.

या सोन्याची किंमत कारागिरांनी प्राणांनी मोजली, हेही सांगावेसे वाटते. कांस्यकार रावरिओ याने 1814 मध्ये मरताना पाऱ्याच्या वाफेपासून संरक्षणाचा उपाय शोधणाऱ्यासाठी 3,000 फ्रँकचे बक्षीस ठेवले आणि रसायनशास्त्रज्ञ दार्से याच्या हवा खेचणाऱ्या भट्टीला ते 1818 मध्ये मिळाले. म्हणूनच घरी हा मुलामा पुन्हा चढवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

प्रश्नकर्ता:
दोन्ही पाठी पाहिल्या. कडांवर सोन्याचे ओघळ स्पष्ट आहेत, छाप मात्र नाही. आता मऊ ब्रशने फक्त धूळ काढतो, आणि काळ्या मळाचे काम धातूच्या जतनतज्ज्ञाकडे सोपवतो.