‘या वयात ठेवून करायचंय काय?’

डिचोलीची सून: कालच्या पोस्टवर गप्प बसवत नाही. ‘पन्नाशी उलटलेल्या बाईने स्तनाचा कॅन्सर निघाला तर स्तन सरळ काढून टाकावा, या वयात ठेवून करायचंय काय? आणि तिला कशाला घाबरवायचं, घरच्यांनी ठरवावं.’ वा! माझा बायोप्सीचा रिपोर्ट माझ्याआधी दिरांनी वाचला. मला कळलं चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर. मी आपली नेवऱ्या (करंज्या हो!) तळतेय आणि घरातले सगळे नजर चुकवतायत. गाठ लहान, लवकर सापडलेली. अशा वेळी नुसती गाठ काढून रेडिएशन घेतलं तरी आयुष्य तेवढंच मिळतं. अमेरिका आणि इटलीतल्या चाचण्यांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्येच आलेत. मला हे कुणी सांगितलंच नाही. सही तेवढी माझी घेतली.

म्हापसेकर: पोस्ट माझीच. ताई, माझ्या आईने काढला, बारा वर्षं ठणठणीत आहे. गाठ परत आली तर? आणि मुळात इथे दाखवायचंच कशाला? रात्री कोकणकन्येत बसा, सकाळी मुंबई. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून कॅन्सरचेच उपचार करतंय.

डिचोलीची सून: तिथेच परत येण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणूनच रेडिएशन देतात हो!

बांबोळीवाला: झालं, मुंबई आली! शिंक आली तरी मुंबई. परळच्या फुटपाथवर झोपलेले नातेवाईक बघितलेत कधी? खोलीभाडं तुम्ही देणार?

म्हापसेकर: तुम्ही बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातले दिसता.

बांबोळीवाला: बायको नर्स आहे माझी. तुमच्या मुंबईहून अर्धवट उपचार सोडून आलेल्यांच्या फायली तीच लावते.

म्हापसेकर: लावू दे. आई माझी वाचली ना?

सत्तरीकर काकी: भांडा तुम्ही. मला दोन्ही पर्याय सांगितले होते, मी काढूनच टाकला. काखेत काही पसरलं नव्हतं, त्यामुळे मग रेडिएशन लागणार नव्हतं. नाहीतर आठवड्याचे पाच दिवस, तीन आठवडे, वाळपईहून बस बदलत कोण जाणार? त्यात काजूचा हंगाम. जखमेतलं पाणी साठवणारी ड्रेनची बाटली जुन्या साडीच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवली. भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा करत रोज हात वर न्यायचे, तरी त्या चवथीला गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी बांधायला हात पोचला नाही. पश्चात्ताप नाही पण.

डिचोलीची सून: काकी, तुम्ही ठरवलंत. माझं भांडण तेवढ्यासाठीच आहे.

म्हापसेकर: बरं बाई, सांगायला हवं होतं, मान्य. पण आधी सांगून कुणाची चवथ गोड झाली असती?

डिचोलीची सून: तुमची नसती झाली. नेवऱ्या तुम्हालाच तळाव्या लागल्या असत्या.