उलव्यात फ्लॅट बघतोय, खरं कोणाचं धरायचं?

ऐरोलीचा_भाडेकरू:
दर अकरा महिन्यांनी सामान हलवून कंटाळा आला म्हणून उलव्यात वन बीएचके बघतोय. एजंट म्हणतो रेरा (म्हणजे घरांच्या प्रोजेक्टची सरकारी नोंदणी) अप्रूव्हड आहे साहेब बिनधास्त घ्या, यूट्यूबवाला म्हणतो एअरपोर्टमुळे रेट डबल होणार (व्हिडिओखाली नंबर त्याच एजंटचा!!) आणि मेव्हण्याच्या मते उलव्यात सगळंच अनधिकृत. ब्रोशरवरचा रेरा नंबर पी५१७ ने सुरू होतो. शनिवारी टोकन द्यायचंय. नक्की बघू कुठे?

खारकोपर_लोकल:
थांब थांब. पी५१७ म्हणजे ठाणे जिल्हा. उलवे रायगडात, तिथले नंबर पी५२० वाले असायचे, आता नवीन प्रोजेक्टना पीआर ने सुरू होणारे मिळतात. महारेराच्या साइटवर स्वतः नंबर टाकून बघ, एजंटच्या पीडीएफवर जाऊ नको. आणि ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड कंपल्सरी आहे, तो आहे का?

डोंबिवलीकर_७९:
नंबर खरा निघाला तरी लगेच पेढे वाटू नका. आमच्याकडच्या ६५ बिल्डिंगा आठवा, महापालिकेच्या बोगस परवानग्या जोडून रेरा नंबर मिळवले, लोकांनी त्या भरवशावर कर्ज काढून घरं घेतली आणि २०२४ मध्ये हायकोर्टाने सांगितलं पाडा. नंबर अस्सल, त्याच्या खालचा कागद नकली. म्हणून सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) ज्यांनी दिली त्यांनाच विचारायचं, उलव्यात म्हणजे सिडको. सेक्टर, प्लॉट नंबर, सीसीची तारीख लिहून घे आणि एक सुट्टी टाकून बेलापूरला सिडको भवनात जा. सीसी कितव्या मजल्यापर्यंत आहे तेही बघ, माझ्या भावाला सातव्यापर्यंतची सीसी दाखवून अकराव्यावरचा फ्लॅट गळ्यात मारत होते.

वाशीची_वकीलीण:
रेटसाठी यूट्यूब कशाला, नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा) फुकट दिसतो. त्याच सेक्टरमधले दोन-चार व्यवहार काढा, कागदावर किती रक्कम आहे ते कळेल. कॅप्चा डोकं फिरवतो, रात्री उशिरा ट्राय करा. आणि ॲग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका, बिल्डरला तो मागताच येत नाही, रेरा कायद्यातच आहे.

ऐरोलीचा_भाडेकरू:
क्यूआर नाहीये. नंबर टाकला तर प्रोजेक्ट कल्याण तालुक्यातला निघाला. एजंटला फोन केला, म्हणे प्रिंटिंग मिस्टेक. टोकन कॅन्सल. मेव्हण्याला मात्र यातलं काही सांगणार नाहीये.