किती किलोमीटर राहिले? लांबच्या विमानप्रवासाचे अनुभव

कोथरूडची_सून
दिवाळीची साफसफाई चाललीय. माळ्यावर सासूबाईंची रामनामाची वही सापडली. २०११ ला माझ्या बाळंतपणासाठी त्या न्यू जर्सीला एकट्या आल्या होत्या, मुंबई–नेवार्क थेट विमानाने. साडेबारा हजार किमी. इंग्रजीचा गंध नव्हता, पण समोरच्या पडद्यावरचे आकडे कळायचे. जपाचं एकेक पान भरलं की खाली समासात लिहिलंय, '९४०० राहिले'. '६१०० राहिले, बाहेर उणे ५४'. शेवटी नुसतं '०. पोचले'. परतीच्या पानावर 'जाताना १६ तास, येताना १४. असं का?'
मार्चमध्ये त्या गेल्या. मी शिडीवरच बसून राहिले. तुमचेही अनुभव लिहा ना.

आकाशवेडा
आजींच्या प्रश्नाचं उत्तर: १० किमीच्या आसपास उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात ताशी २०० किमीच्या वरही जातात. येताना पाठीशी, जाताना छातीवर. म्हणून तर २०१६ ला एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० किमीच्या घरात गेलं आणि वेळ उलट कमी झाला! विचारायला हवं ते बरोब्बर विचारलं आजींनी.

मीनल७२
'०. पोचले' वाचून डोळे भरले. वही जपून ठेवा गं.

घाटातला
बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सॅन होजेला. दुबईत चार तास थांबूनही मुंबई गाठली वेळेत. पुढचे दीडशे किमी मात्र सरेनात. खंडाळ्याच्या अलीकडे कंटेनर आडवा झालेला, तीन तास गाडी जागची हलली नाही. इकडे पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीत सगळे खोळंबलेले. दादा दर दहा मिनिटांनी विचारायचा, "कुठे आहेस?" मी दर वेळी, "घाटात."

शुभदा_सिडनी
@घाटातला, काय बोलू. आम्हाला २०२० मध्ये विमानच नव्हतं. २३ मार्चपासून भारतात आंतरराष्ट्रीय उड्डाणं बंद. आईला फोनच्या पडद्यावर निरोप दिला. मुंबई–सिडनी दहा हजार किमी, हे आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन.

घाटातला
🙏 ताई.

अर्चूची_आई
आमची लेक सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाते, साडेअठरा तास सलग. पाय सुजून टम्म. आता दर दोन तासांनी उठून फिरते, पाणी पीत राहते, बराच फरक पडलाय. ज्येष्ठांनी जरूर करा. कुकर झालाय, नंतर येते.

रोहिणी_सिंहगडरोड
सासूबाईंनी डिंकाचे लाडू नेले होते का? सुनेकडे पोचेपर्यंत माझ्या लाडवांचा दरवेळी भुगा होतो. पुढच्या महिन्यात जायचंय, काय करू?

कोथरूडची_सून
नेले होते! स्टीलचा डबा, प्रत्येक थराला मेणकागद, आणि उरलेल्या जागेत कुंच्या नि दुपटी कोंबलेली. एकही फुटला नाही. कुंचीला महिनाभर तुपाचा वास होता, धुवायचं मनच होईना.
@आकाशवेडा, तुमचं उत्तर त्यांच्या प्रश्नाखाली पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

रोहिणी_सिंहगडरोड
मेणकागद कुठे मिळेल?

मीनल७२
रविवार पेठेत. मी शनिवारी जातेय, तुझ्यासाठी आणू का?