एलएम३१७चा नॉइज मोजताना १०० हर्ट्झचा रिपल काढायचाय, नॉइज मात्र अख्खा हवा. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एलएम३१७ (व्होल्टेज स्थिर ठेवणारी रेग्युलेटर आयसी) वापरून ५ व्होल्टचा लिनियर सप्लाय बांधलाय. अ‍ॅडजस्ट पिनवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्याने आउटपुटच्या नॉइजमध्ये (व्होल्टेजच्या अनियमित थरथरीत) नेमका किती फरक पडतो ते मोजायचंय. डेटाशीटमध्ये १० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झसाठी आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) नॉइज आउटपुटच्या ०.००३ टक्के दिलाय, म्हणजे कपॅसिटरशिवाय १५० मायक्रोव्होल्टच्या आसपास.

अडचण ब्रिज रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या) १०० हर्ट्झ रिपलची, म्हणजे डीसीवर उरलेल्या नियमित चढउताराची. कपॅसिटर नसताना तो नॉइजपेक्षा मोठा असतो. स्कोप (ऑसिलोस्कोप) ८ बिटचा, एसी कपलिंग, वन-एक्स प्रोब, १ मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजन. साध्या मोडमध्ये जाड, केसाळ पट्टा दिसतो. अ‍ॅव्हरेज ६४ केलं की पट्टा आक्रसून बारीक रेघ होते, रिपलचे दात स्वच्छ दिसतात, पण नॉइज आठपट घटलेला असतो. पायथनमध्ये हाय-पास फिल्टर लावला तर खालच्या फ्रिक्वेन्सीचा नॉइजही जातो, आणि मला तर तोच बघायचाय. १००, २००, ३०० हर्ट्झला नॉच (तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारे फिल्टर) लावले की आजूबाजूचं किती खाल्लं गेलं त्याचा हिशेब लागत नाही.

फक्त आवर्ती रिपल कसा काढू?

प्रतिसाद:

अ‍ॅव्हरेज टाकून देऊ नका, वजाबाकीला वापरा. मात्र स्कोपच्या अ‍ॅव्हरेज मोडमध्ये नको, कच्चा डेटा हाती लागत नाही. हाय-रेझ मोडमध्ये (यात स्कोप शेजारच्या सॅम्पल्सची सरासरी घेऊन बारकावा वाढवतो) २ सेकंदांचा एक रेकॉर्ड घ्या, म्हणजे मेन्सची (घरच्या ५० हर्ट्झ विजेची) १०० आवर्तनं.

मेन्सची फ्रिक्वेन्सी ५०वर खिळलेली नसते, म्हणून दुसऱ्या चॅनेलवर ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं एक टोक घ्या आणि प्रत्येक आवर्तनाची सुरुवात तिथून पकडा. त्या प्रोबची ग्राउंड क्लिप मोकळीच ठेवा! दोन्ही क्लिपा स्कोपच्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात, सेकंडरीला लावली तर ब्रिजचा डायोड शॉर्ट होईल.

आता सगळ्या आवर्तनांची सरासरी काढा. तिच्यात जवळपास रिपलच उरतो. ती प्रत्येक कच्च्या आवर्तनातून वजा करा, उरेल तो तुमचा नॉइज. ५० हर्ट्झच्या पटींवर अर्ध्या हर्ट्झची चीर तेवढी जाते, आरएमएस साधारण ०.५ टक्के कमी येतो. १० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झचा फिल्टर त्यानंतर लावा.

शेवटी प्रोबचं टोक ग्राउंडला जोडून त्याच सेटिंगवर स्कोपचा स्वतःचा नॉइज मोजा. तो थेट वजा करू नका, वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ घ्या. कपॅसिटर लावल्यावरचा आकडा इतका लहान असेल की ही पायरी गाळली तर तुम्ही सप्लाय नाही, स्कोपच मोजत बसाल.