मदत हवी आहे : शाखेतील सहकाऱ्यांची एआयबद्दलची धास्ती कशी घालवावी?

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका सहकारी बँकेत शाखाधिकारी आहे. २०१६ साली यूपीआय आले, तेव्हा कुरकुरत का होईना पण ते शिकून घेतलेले माझे पन्नाशीतले सहकारी एआयचे नाव काढताच बिचकतात. फसवणुकीचे पैसे फिरवणारी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ हे एआय साधन तयार केले, हे ते वाचून आहेत. परंतु संगणकाने एखाद्या व्यवहारावर संशयाची खूण केली की ती का केली, हे खातेदाराला सांगता येत नाही आणि कॅशियरबाई हळूच माझ्या टेबलाकडे बोट दाखवतात. (मलाही दरवेळी उत्तर सुचते असे नाही.) ऑनलाइन प्रशिक्षणाने प्रमाणपत्र मिळाले, धीर आला नाही. कोणी शाखेतच, रोजच्या व्यवहारांची उदाहरणे घेऊन मराठीतून सराव करून घेतला असल्यास तो कसा आखला, हे कृपया सविस्तर कळवावे.