मदत हवी आहे : कोकणातील बंद घरांची गावनिहाय आकडेवारी

कुडाळ तालुक्यातील एका गावाची लोकसंख्या, घरे आणि रोजगार यांविषयीचे टिपण ग्रामसभेसाठी तयार करत आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. गावातील चित्रही तसेच आहे.

जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यातून कुटुंबे, शेतकरी, शेतमजूर आणि इतर कामगार यांचे गावनिहाय आकडे मिळाले. अडचण घरांची आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर आणि त्यावरील कर दिसतो, पण घरात कोणी राहते की नाही हे त्यावरून कळत नाही. कारण कुलूपबंद घराची घरपट्टीही चाकरमानी गणपतीला आले की बिनचूक भरतात. वीजबिलांवरून अंदाज बांधून पाहिला, परंतु देवापुढचा दिवा लावण्यासाठी शेजाऱ्याकडे किल्ली दिलेली असते आणि मीटर थोडाफार फिरतोच. (दिव्याची आकडेवारी कोण ठेवणार!)

प्रत्येक वाडीत फिरून स्वतंत्र सर्वेक्षण करण्याइतकी माणसे आमच्याकडे नाहीत. तालुक्याची किंवा जिल्ह्याची एकत्रित संख्या उपयोगाची नाही.

तेव्हा, २०११ च्या घरयादीतील रिकाम्या आणि कुलूपबंद घरांचे गावनिहाय आकडे कोणत्या तक्त्यात मिळतील, आणि वर्षातून पंधरा दिवस उघडणारे घर त्यांपैकी कोणत्या प्रकारात धरले जाते?